निलंबन, मोटारगाडीचे : झीज व दुरुस्ती

मोटारगाडीची चाके आणि तिचा सांगाडा किंवा काया यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा, धक्काशोषक, भुजा, सांधे व बुश यांच्या समुच्चयाला निलंबन असे म्हणतात. व्यवहारात त्यासाठी सस्पेन्शन हा शब्द रूढ आहे. निलंबनाची कार्ये तीन : गाडीचा भार पेलणे, रस्त्याच्या खाचखळग्यांचे धक्के आतील माणसांपर्यंत पोहोचू न देणे आणि टायर रस्त्याला सतत टेकलेला ठेवणे. गतिरोधन व वळण या दोन्ही क्रिया टायर व रस्ता यांमधील घर्षणावर अवलंबून असल्याने सुरक्षिततेच्या दृष्टीने तिसरे कार्य सर्वांत महत्त्वाचे होय. चालकाला मात्र मुख्यतः दुसऱ्याचीच जाणीव असते. निलंबनाचे भाग हळूहळू झिजतात आणि चालक त्या झिजेला नकळत सरावत जातो. परिणामी गाडी धोकादायक अवस्थेला पोहोचली तरी ती रोजच्यासारखीच वाटते. निलंबनाचा इतिहास सामान्यतः नव्या शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत नोंदीत तो झिजलेला भाग कोण, कसा व कशाच्या आधारे बदलतो या दृष्टीने दिला आहे.

घोडागाड्यांचा वारसा : निलंबन याचा मूळ अर्थ टांगणे असा असून एके काळी तो अक्षरशः खरा होता. यूरोपातील जुन्या प्रवासी बग्ग्यांची पेटी चामड्याच्या रुंद पट्ट्यांनी चौकटीला टांगलेली असे. अ. सं. सं.मधील न्यू हँपशर राज्यातील काँकर्ड येथे १८२७ पासून तयार होऊ लागलेल्या प्रसिद्ध बग्ग्यांची पेटीही अशाच जाड चामडी पट्ट्यांवर झुलत असे. तत्पूर्वी १८०४ मध्ये ओबेडाया एलियट या इंग्रज कारागिराने लंबवर्तुळाकार पोलादी स्प्रिंगांचे एकस्व घेतले होते. या स्प्रिंगांमुळे बग्गीच्या तळाशी आडवा जाणारा अवजड लाकडी दांडा अनावश्यक ठरला व गाड्या हलक्या झाल्या. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या व्हिक्टोरिया गाड्या याच परंपरेतील होत.

पोलादाचे लहानमोठ्या लांबीचे पाटे एकावर एक रचून मधोमध आवळले की कमान तयार होते. तिची तीन कामे एकाच वेळी चालतात : ती भार पेलते, आसाला जागच्या जागी धरून ठेवते आणि पाट्यांच्या परस्पर घर्षणामुळे आंदोलने काही अंशी शमविते. दुरुस्तीच्या दृष्टीने तिचा आणखी एक गुण महत्त्वाचा होता. कमानीतील दोष डोळ्यांना दिसतो. पाटा तुटला, कमान बसली किंवा मधला बोल्ट कापला गेला, तर ते वाकून पाहणाऱ्या कोणालाही कळते. तुटलेल्या पाट्याच्या जागी नवा पाटा घडविणे, त्याला बाक देणे, तो लाल तापवून थंड करणे व नंतर योग्य पाणी देणे ही कामे गावच्या लोहाराला अवगत होती. भाग घडविणारा आणि तो बसविणारा हात एकच असल्याने भागाच्या गुणवत्तेचा प्रश्न ओळखीच्या कारागिराच्या कौशल्यावर सुटत असे.

आरंभीच्या मोटारगाड्यांनी ही कमान जशीच्या तशी उचलली. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीला पुढे एक व मागे एक अशा दोनच आडव्या कमानी होत्या व कारखान्याने बसविलेले धक्काशोषक नव्हते. तिचे बहुसंख्य ग्राहक शेतकरी व छोट्या गावांतील रहिवासी होते. पाना, हातोडी व पक्कड यांच्या साहाय्याने गाडीची बरीचशी दुरुस्ती ते स्वतः करीत. मालकाने घरी केलेल्या दुरुस्तीची परंपरा मोठ्या प्रमाणावर येथूनच सुरू झाली. तिच्याबरोबर सुट्या भागांचा स्वतंत्र व्यापारही उभा राहिला. जॉर्ज पेपरडाइन यांनी १९०९ मध्ये कॅनझस सिटी येथे स्थापन केलेली वेस्टर्न ऑटो ही पेढी मॉडेल टीचे सुटे भाग टपालाने पाठवीत असे. भाग घडविणारा हात आणि तो बसविणारा हात यांची फारकत या व्यापाराने झाली. भाग न पाहता, न हाताळता, केवळ सूचीतील वर्णनावरून घेण्याची प्रथाही त्यानेच पाडली.

धक्काशोषकाचा उदय : गाड्यांचा वेग वाढला तसा कमानीच्या घर्षणाने भागेना. दबलेली स्प्रिंग साठविलेली ऊर्जा परत देते आणि गाडी खड्डा ओलांडल्यानंतरही वरखाली होत राहते. मोटारगाडीच्या कायेची ही आंदोलने सेकंदाला सु. १ ते १·५ इतकी, तर चाकाची स्वतःची आंदोलने सेकंदाला सु. १० ते १५ इतकी असतात. दोन्ही शमविण्यासाठी जो भाग आला, त्याला धक्काशोषक हे काहीसे दिशाभूल करणारे नाव मिळाले. प्रत्यक्षात धक्का स्प्रिंग झेलते. धक्काशोषक त्यानंतरच्या आंदोलनांतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वापरात आलेल्या त्र्युफो-हार्टफर्ड धक्काशोषकात एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांच्या घर्षणाचा उपयोग केलेला होता. मधला नट आवळून त्याचा जोर वाढविता येई आणि झिजलेल्या चकत्या बदलता येत. मॉरिस उदाय यांनी १९०८ मध्ये तेलाच्या विरोधावर चालणाऱ्या धक्काशोषकाचे एकस्व घेतले व १९२७ मध्ये पुढे आलेल्या फोर्ड मॉडेल ए या गाडीवर अशा प्रकारचे धक्काशोषक बसविण्यात आले. त्यांतील तेल कमी झाले तर झाकण उघडून भरता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा नळीचा धक्काशोषक सर्वत्र रूढ झाला. त्यात दट्ट्यावरील बारीक झडपांतून तेल ढकलले जाते. तो स्वस्त व कार्यक्षम असतो, परंतु तो कायमचा मोहोरबंद असतो. फ्रान्समधील क्रिस्त्यां बूर्सिए द कार्बाँ यांनी उच्च दाबाखालील वायू वापरून तेलात फेस होण्याचा दोष दूर केला. तेव्हापासून तर तो उघडणे जोखमीचे झाले. येथे निलंबनाच्या दुरुस्तीने पहिले मोठे वळण घेतले. भाग दुरुस्त करण्याऐवजी तो बदलणे भाग पडले आणि त्याच्या आत काय आहे हे पाहण्याचा मार्ग बंद झाला.

स्वतंत्र निलंबन : दोन्ही चाके एकाच ताठ आसावर असली की एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचतो व पुढच्या चाकांच्या बाबतीत सुकाणू थरथरू लागते. प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होऊ देण्याची कल्पना जुनी आहे. फ्रान्समधील आमेदे बोले यांच्या १८७३ च्या वाफेच्या गाडीत ती आढळते. लान्सिया लाम्दा या इटालियन गाडीत १९२२ मध्ये चाके उभ्या खांबांवर सरकणारी योजना आली. १९३३ मधील मर्सिडीज-बेंझ ३८० या गाडीत वरखाली दोन त्रिकोणी भुजा व त्यांच्या जोडीला मळसूत्री स्प्रिंग ही पुढे अनेक दशके टिकलेली रचना होती. १९३४ मध्ये सीत्रोएन कंपनीच्या ‘त्राक्स्यां आव्हां’ या गाडीत स्प्रिंगेऐवजी पोलादी पीळदांडे वापरण्यात आले. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपल्या गाड्यांना स्वतंत्र पुढील निलंबन दिले. या कामात मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याचा मोठा वाटा होता. पुढील स्प्रिंगा मऊ व मागील स्प्रिंगा त्यांहून किंचित अधिक आंदोलनसंख्येच्या ठेवल्या, तर गाडीचे पुढेमागे डुलणे कमी होते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले.

मळसूत्री स्प्रिंग फक्त भार पेलते. चाकाला जागेवर धरण्यासाठी भुजा, भुजांसाठी सांधे व बुश आणि आंदोलने शमविण्यासाठी वेगळा धक्काशोषक लागतो. कमानीची तीन कामे अशी तीन प्रकारच्या भागांत वाटली गेली व झिजणाऱ्या ठिकाणांची संख्या वाढली. आरंभी चाकाच्या उभ्या खिळीला व तिच्या पितळी बुशांना नियमितपणे वंगण द्यावे लागे. १९५२ मध्ये लिंकन या अमेरिकन गाडीच्या पुढील निलंबनात खिळीऐवजी बॉल जॉइंट म्हणजे गोलक सांधे आले आणि पुढे ते सर्वत्र पसरले. धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबर चिकटवून केलेल्या बुशांना तर वंगणाची गरजच नव्हती. देखभाल कमी झाली हा मोठा लाभ होता. तथापि वंगण देण्यासाठी वारंवार गाडीखाली जाणारा माणूस सांध्यांकडे सहज पाहत असे. ती आपोआप होणारी तपासणीही त्याबरोबर संपली.

मॅकफर्सन रचना : अर्ल एस. मॅकफर्सन यांनी जनरल मोटर्समध्ये असताना एका छोट्या गाडीसाठी हाती घेतलेली रचना ती गाडी रद्द झाल्यामुळे मागे पडली. पुढे ते फोर्ड कंपनीत गेले. त्यांच्या पद्धतीचे निलंबन १९५० मध्ये सादर झालेल्या इंग्लंडमधील फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांवर आले आणि संबंधित अमेरिकन एकस्व १९५३ मध्ये मिळाले. या रचनेत धक्काशोषकाची नळीच चाकाचा उभा आधार बनते, तिच्याभोवती मळसूत्री स्प्रिंग बसते आणि वरची भुजा नाहीशी होते. भाग कमी व जागा मोकळी असल्याने आडव्या एंजिनाच्या, पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या छोट्या गाड्यांना ती फार सोयीची ठरली व १९७० नंतर जगभर पसरली. घरी दुरुस्ती करणाऱ्याला मात्र तिने नवी अडचण उभी केली. पूर्वी धक्काशोषक बदलताना स्प्रिंगेला हात लावावा लागत नसे. आता दबलेली स्प्रिंग सोडविल्याखेरीज धक्काशोषक निघत नाही.

याच काळात इतर प्रयोगही झाले. सीत्रोएन डीएस (१९५५) या गाडीत तेल व वायू यांवर चालणारे निलंबन होते, तर ॲलेक इसिगॉनिस यांच्या मिनी (१९५९) या गाडीत ॲलेक्स मोल्टन यांनी योजलेले रबरी शंकू स्प्रिंगेचे काम करीत. या रचना गुणांनी श्रेष्ठ असल्या, तरी त्यांच्या दुरुस्तीसाठी विशिष्ट ज्ञान व साधने लागत. सामान्य गाड्यांत त्या पसरल्या नाहीत, याचे हेही एक कारण होय.

झीज व तिची लक्षणे : धक्काशोषकाची झीज म्हणजे मुख्यतः मोहोर गळून तेल किंवा वायू कमी होणे व झडपा झिजणे. नळीवर तेलाचा ओलसर थर, खड्ड्यानंतर गाडीचे डुलत राहणे, गतिरोधनाच्या वेळी नाक खाली जाणे आणि टायरवर ठराविक अंतराने पडणारे खोलगट चट्टे ही तिची चिन्हे होत. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रचलित कसोटी अपुरी आहे. तीत गाडी वारंवार डोलली तर धक्काशोषक निकामी झाला हे नक्की समजावे, परंतु ती न डोलल्यास तो चांगला आहे असे सिद्ध होत नाही. हाताने दिलेल्या मंद दाबाने चाकाच्या जलद आंदोलनांची परीक्षा होत नाही.

रबरी बुश वयाने व उष्णतेने कडक होतात, त्यांना भेगा पडतात व रबर धातूपासून सुटते. मग गाडी गतिरोधनाच्या वेळी एका बाजूला ओढू लागते. मळसूत्री स्प्रिंगेचे शेवटचे वेटोळे गंजाच्या खाचेपासून तुटू शकते व तिचे टोक टायरमध्ये घुसण्याचा संभव असतो. सर्वांत गंभीर झीज बॉल जॉइंटची होय. त्यावरील रबरी टोपी फाटली की धूळ व पाणी आत शिरतात, वंगण धुऊन जाते व गोलक सैल होतो. तो खोबणीतून निसटला तर चाक आडवे होते आणि गाडीवर कोणताही ताबा राहत नाही. वीस मिमी.च्या आसपास व्यासाच्या एका गोलकावर सर्व प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मालकाने स्वतः करावयाची दुरुस्ती : मॉडेल टीने सुरू केलेली परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतर पुस्तकांच्या साहाय्याने पुढे गेली. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांनी १९६० मध्ये प्रकाशनसंस्था काढली. संपूर्ण गाडी प्रत्यक्ष खोलून व पुन्हा जुळवून प्रत्येक पायरीची छायाचित्रे देणारी तिची पुस्तके मालकांत लोकप्रिय झाली. अमेरिकेत जॉन म्यूर यांचे फोक्सवॅगन गाडीच्या देखभालीवरील पुस्तक १९६९ मध्ये निघाले. यंत्रज्ञान नसलेल्या वाचकासाठी ते मुद्दाम लिहिलेले होते. अशा पुस्तकांमुळे कारखान्याच्या प्रशिक्षित कारागिरापुरते असलेले ज्ञान सामान्य माणसापर्यंत आले.

या कामातील धोके निश्चित आहेत व ते टाळण्याचे नियमही अनुभवाने ठरलेले आहेत. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. त्यामुळे सपाट व कठीण जमिनीवर गाडी भक्कम लोखंडी स्टँडवर टेकविल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये. दुसरा धोका दबलेल्या स्प्रिंगेचा. एक मिमी. दाबण्यास २० न्यूटन प्रेरणा लागणारी स्प्रिंग १५० मिमी. दाबली असता तिच्यात सु. २२५ जूल ऊर्जा साठते. २३ किग्रॅ. वजन एक मीटर उंचीवरून पडताना एवढीच ऊर्जा मिळते. म्हणून मॅकफर्सन रचनेतील स्प्रिंग चांगल्या प्रतीच्या आवळणीने दोन्ही बाजूंनी सारखी दाबल्याखेरीज वरचा नट सैल करणे प्राणघातक ठरू शकते. ज्याच्याजवळ असे साधन नाही, त्याने सुटा केलेला आधार कार्यशाळेत नेऊन तेवढेच काम करवून घेणे शहाणपणाचे होय.

बॉल जॉइंटची निमुळती खिळी तिच्या छिद्रात घट्ट रुतलेली असते. दुपाखी पाचर ठोकून ती सोडविल्यास रबरी टोपी फाटते. त्यामुळे जो सांधा पुन्हा वापरावयाचा आहे, तो ओढणीच्या साधनाने सोडवितात. फाटाखिळी व स्वतः आवळून राहणारे नट एकदा काढल्यावर पुन्हा वापरीत नाहीत. नव्या द्विनलिका धक्काशोषकात साठवणीच्या काळात तेलात हवा मिसळलेली असू शकते. तो उभा धरून चारपाच वेळा पूर्ण लांबविला व मिटविला असता ती निघून जाते. धक्काशोषक व स्प्रिंगा एका आसावरील दोन्ही बाजूंना एकदमच बदलाव्यात, अन्यथा गाडी दोन बाजूंना वेगवेगळी वागते.

अनुभवी कारागिरांकडूनही होणारी एक चूक रबरी बुशांच्या बाबतीत आढळते. रबर आतील व बाहेरील नळीला चिकटलेले असल्याने ते केवळ पिळले जाऊ शकते, फिरू शकत नाही. चाके लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर येताच बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो व लवकर फाटतो. म्हणून या बोल्टांची अखेरची आवळणी गाडीचा भार चाकांवर असताना, निर्मात्याने दिलेल्या परिबलाइतकी, मापक पान्याने करावयाची असते. भुजा किंवा आधार बदलल्यानंतर चाकांचे कोन तपासून घेणे आवश्यक असते. हे काम घरी नीट होत नाही, त्यासाठी मापनयंत्र असलेल्या कार्यशाळेतच जावे लागते.

सुट्या भागांची गुणवत्ता : मोहोरबंद भागाची योग्यता तो बसविणाऱ्याला दिसत नाही, ही आधुनिक दुरुस्तीची मूळ अडचण आहे. बाजारातील भाग ढोबळमानाने चार प्रकारचे असतात : मोटार उत्पादकाच्या नावाने व वेष्टनात मिळणारे, त्यांच्या कारखान्यांना पुरवठा करणाऱ्या मूळ निर्मात्याच्या नावाने मिळणारे, अन्य स्वतंत्र निर्मात्यांचे आणि प्रसिद्ध नाव चोरून केलेले बनावट. पहिल्या दोन प्रकारांतील भाग अनेकदा एकाच यंत्रावर तयार झालेले असतात व फरक वेष्टन आणि किंमत यांपुरताच असतो. तिसऱ्या प्रकारात उत्कृष्टापासून निकृष्टापर्यंत सर्व पायऱ्या आढळतात.

गुणवत्ता कोठे वाचविली जाते हे समजल्यास निवड सोपी होते. स्प्रिंगेच्या बाबतीत पोलादाचे संघटन, पाणी देण्याची क्रिया व पृष्ठभागाचे संस्करण महत्त्वाचे असते. पृष्ठभागावर बारीक छर्ऱ्यांचा मारा केल्यास तेथे दाबाचा ताण राहतो व धातूचा शिणवटा लांबणीवर पडतो. जे. ओ. आल्मेन यांनी जनरल मोटर्समध्ये या क्रियेचा अभ्यास करून तिचे मापन करण्याची पद्धत दिली. ही पायरी वगळलेली स्प्रिंग नवी असताना हुबेहूब तशीच दिसते व काही काळ तशीच वागते. मग ती तुटते. बॉल जॉइंटमध्ये घडीव पोलादाऐवजी ओतीव धातू, बुशांत चांगल्या रबराऐवजी भेसळीचे किंवा पुनर्वापरातील रबर, धक्काशोषकात दांड्यावरील क्रोमियमचा पातळ मुलामा अशा प्रकारे खर्च कमी केला जातो.

यामुळे खरेदीच्या वेळी काही साध्या गोष्टी तपासल्या जातात : जुन्या भागावरील क्रमांक व नवा क्रमांक यांचा मेळ, स्प्रिंगेच्या तारेचा व्यास व वेटोळ्यांची संख्या, भागावर उमटविलेले निर्मात्याचे चिन्ह व उत्पादनाचा गटक्रमांक, रबरी टोपीचे बसणे आणि रबरी भागांच्या उत्पादनाची तारीख. रबर वापराविनाही जुने होते. जुना भाग नव्याशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय दुकान सोडू नये आणि पावती घ्यावी, हे दोन नियम कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच उपयोगी आहेत. अतिशय कमी किंमत हे बनावटीचे सर्वांत जुने लक्षण होय. मात्र जास्त किंमत ही अस्सलपणाची हमी नव्हे.

भारतातील स्थिती : मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्यांच्या जुळणीचा कारखाना काढला होता. देशातच उत्पादन करणाऱ्यांना प्राधान्य देण्याच्या १९५३ च्या धोरणानंतर तो बंद झाला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० व तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी, तर बंगालमधील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर तयार होऊ लागली. फियाटला पुढे मळसूत्री स्प्रिंगा, तर मूळ अँबॅसडरला पीळदांडे होते. मागे मात्र दोन्ही गाड्यांना पाट्यांच्या कमानीच होत्या.

या गाड्यांची रचना दशकानुदशके फारशी बदलली नाही. त्यामुळे त्यांची दुरुस्ती सर्वत्र माहीत झाली. आयातीवरील निर्बंधांमुळे भागांची टंचाई असे व तिच्यातून कारागिरांनी आपले मार्ग काढले. बसलेल्या कमानीला पुन्हा बाक देणे, झिजलेल्या खिळीला नवे बुश ठोकून ते घासून जुळविणे, धक्काशोषक उघडून त्यात नवा मोहोर व तेल घालणे ही कामे रस्त्याकडेच्या कार्यशाळांत होत. या कौशल्याचे कौतुक करताना त्याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. तापवून बाक दिलेल्या पाट्याला योग्य रीतीने पाणी न दिल्यास तो लवकरच पुन्हा बसतो किंवा तुटतो. उघडून भरलेल्या धक्काशोषकाचा जोर मूळच्या इतका राहत नाही.

भागांच्या देशी उत्पादनालाही याच काळात चालना मिळाली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडिया या कंपनीने मुंबईतील मुलुंड येथे धक्काशोषकांचे उत्पादन सुरू केले. वाहने व त्यांचे भाग यांच्या परीक्षणासाठी पुणे येथे १९६६ मध्ये ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. सुट्या भागांचे मोठे बाजार दिल्लीत काश्मीरी गेट, मुंबईत ऑपेरा हाउस परिसर व पुण्यात नाना पेठ येथे वाढले. कुर्ला येथे मोडीत निघालेल्या गाड्यांतून काढलेल्या जुन्या भागांचा बाजार आहे. जुना भाग हा दरवाजा किंवा काच असेल तर उपयोगी पडतो. बॉल जॉइंट किंवा धक्काशोषक मात्र जुना घेण्यात अर्थ नाही, कारण त्याचे उरलेले आयुष्य कोणालाच सांगता येत नाही.

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीबरोबर मॅकफर्सन रचना भारतातील घरोघरी पोहोचली. १९९१ नंतर गाड्यांचे प्रकार झपाट्याने वाढले. प्रत्येक गाडीचे भाग वेगळे, त्यामुळे एका गाडीचे ज्ञान दुसरीला पुरेसे ठरेना. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील अखेरची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निघाली. कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांचे युग तिच्याबरोबर मुंबईत संपले, असे म्हणता येईल.

भाग मिळण्याचा हक्क : भाग बदलण्याचे कौशल्य असूनही भागच मिळाला नाही, तर ते निरुपयोगी ठरते. अ. सं. सं.मधील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस अधिनियमाने विशिष्ट नावाचेच भाग वापरण्याच्या अटीवर हमी देण्यास सामान्यतः मनाई केली. यूरोपीय समुदायाने २००२ मध्ये केलेल्या नियमांनी मूळ भाग व त्यांच्या तोडीचे भाग यांच्या व्याख्या करून स्वतंत्र कार्यशाळांना वाट मोकळी केली. मॅसॅचूसेट्स राज्यात २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या प्रस्तावाला मतदारांनी मान्यता दिली. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादक कंपन्यांना सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग व दोषनिदानाची साधने त्या खुल्या बाजारात उपलब्ध करून देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. या आदेशावर पुढे अपिले झाली. २०२२ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली व तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारगाड्यांचाही समावेश होता.

दरम्यान निलंबनाची रचना आणखी बदलत आहे. चुंबकीय द्रव वापरून क्षणोक्षणी आपला जोर बदलणारे धक्काशोषक २००२ मध्ये कॅडिलॅकच्या गाडीवर आले. असे भाग केवळ बोल्टांनी बसत नाहीत. गाडीच्या संगणकाने त्यांना ओळखावे लागते. विद्युत् गाड्यांत घटमालेच्या वजनामुळे भुजा, बुश व स्प्रिंगांवर अधिक भार येतो.

भारतात खाजगी मोटारगाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व तिच्या नूतनीकरणापर्यंत सक्तीची यांत्रिक योग्यता-तपासणी नसते. या दीर्घ काळात गाडीखाली वाकून पाहण्याची जबाबदारी व्यवहारतः मालकावरच पडते. त्याने प्रत्येक भाग स्वतः बदलावा अशी अपेक्षा नाही. परंतु फाटलेली रबरी टोपी, ओलसर धक्काशोषक व तुटलेले वेटोळे ओळखता येणे, कोणता भाग कोणाकडून आला हे विचारता येणे आणि काढलेला जुना भाग परत मागून पाहणे, एवढे ज्ञान त्याच्याजवळ असावयास हवे. लोहाराच्या काळी कमानीतील दोष कोणालाही दिसत असे. मोहोरबंद भागांच्या काळात तो शोधावा लागतो.